नर वेगळे केले, तरी पिल्ले येतच राहिली

साठ लिटरच्या टाकीत गपी या छोट्या शोभेच्या माशांचे दोन नर आणि तीन माद्या सोडल्या, त्याला अजून वर्षही झाले नव्हते. एका रविवारी पाणी बदलताना मी जाळीने एकेक मासा बादलीत काढून मोजदाद केली, तेव्हा लहानमोठे मिळून एकशे चाळीसच्या वर गपी निघाले. त्याआधीचे काही आठवडे मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते, पाणी नियमित बदलूनही नायट्रेट (माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठत जाणारे द्रव्य) खाली येत नव्हते आणि फिल्टरचा स्पंज दर तीन-चार दिवसांनी तुंबत होता. हे सारे मी फिल्टरचा दोष समजत होतो. दोष फिल्टरचा नव्हता. माशांच्या संख्येपुढे तो अपुरा पडत होता.

गपी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्ले देते. साधारण चार आठवड्यांनी एक वीण होते, पाणी उबदार असेल तर त्याहूनही लवकर, आणि एका विणीत वीस-तीसपासून मोठ्या मादीच्या बाबतीत साठ किंवा अधिकही पिल्ले निघतात. ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वयात येतात. या वेगामागे कारण आहे. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाच्या ओढ्यांमध्ये जॉन एंडलर आणि डेव्हिड रेझ्निक या जीवशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की जिथे मोठे शिकारी मासे आहेत तिथल्या गपी लवकर वयात येतात आणि आकाराने लहान पण संख्येने अधिक पिल्ले देतात. म्हणजे बहुतेक पिल्ले खाल्ली जाणार, हे गृहीत धरून बेतलेला हा मासा आहे. आपण त्याला शिकारी नसलेल्या, रोज वेळेवर खाणे मिळणाऱ्या टाकीत ठेवतो आणि मग संख्या वाढली की चकित होतो.

माझ्याकडून वाढीला हातभार लागला तो ब्रीडिंग बॉक्समुळे, म्हणजे विणीला आलेली मादी वेगळी ठेवण्याच्या छोट्या पेटीमुळे. मादीचे पोट चौकोनी दिसू लागले आणि शेपटीजवळचा गर्भठिपका गडद झाला, की मी तिला त्या पेटीत ठेवत असे आणि एकूण एक पिल्लू वाचवत असे. गपी आपलीच पिल्ले खाते, हे मला पाहवत नव्हते. आज मला वाटते, की ती पेटी कपाटात ठेवणे हाच संख्या आवरण्याचा पहिला उपाय आहे. पिल्ले मोठ्या माशांतच जन्मू द्यावीत. जावा मॉस या पाणवनस्पतीच्या दाटीत जी तग धरतील ती धरतील. मॉस थोडे विरळ केले की वाचणाऱ्यांची संख्या आणखी घटते, पण टाकी अगदी उघडी करू नये, कारण नरांच्या सततच्या पाठलागातून सुटायला माद्यांना आडोसा लागतोच. खाणेही मी दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकेच देऊ लागलो. भरल्या पोटी मोठे मासे पिल्लांच्या मागे फारसे लागत नाहीत आणि उरलेले खाणे कुजून अमोनिया वाढवते.

संख्या आवरायला टाकीत एंजलफिश हा मोठा मासा सोडण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो पिल्ले नक्की खातो. परंतु पुरता वाढलेला एंजलफिश मोठ्या गपींनाही सोडत नाही आणि त्याला माझ्या टाकीहून बरीच उंच टाकी लागते. एका माशाची संख्या आटोक्यात यावी म्हणून दुसऱ्याला कोंडून ठेवणे मला मान्य नाही.

टिकाऊ उपाय एकच, नर आणि माद्या वेगळ्या करणे. त्यातही मी एका गोष्टीचा हिशेब केला नव्हता. गपीची मादी नराचे शुक्राणू शरीरात अनेक महिने साठवून ठेवते. सगळे नर दुसऱ्या टाकीत हलवल्यानंतरही माद्यांच्या टाकीत पिल्ले दिसत राहिली, तेव्हा एखादा नर नजरेतून सुटला असेल या समजुतीने मी दोनदा सगळी टाकी उपसली. नर नव्हता. विणी हळूहळू लहान होत गेल्या आणि शेवटची पिल्ले सहाव्या महिन्यात आली. दरम्यान त्या पिल्लांतले नर वेळीच ओळखावे लागत. तीन-चार आठवड्यांचे झाल्यावर नराच्या पोटाखालचा मागचा पर निमुळता होऊन काडीसारखा दिसू लागतो, मादीचा मात्र पंख्यासारखाच राहतो. रंग चढण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. दर रविवारी भिंग घेऊन काचेशी बसणे हे काम मी त्या काळात एकदाही चुकवले नाही. नवीन सुरुवात करणाऱ्याने थेट नुसते नरच आणावेत, असे मी आग्रहाने सांगेन. दुकानातली मादी जवळजवळ नेहमीच गाभण असते.

वाढलेल्या माशांचे काय करायचे, हा प्रश्न सगळ्यांत जड गेला. निरोगी मासे मी टाकी तयार असलेल्या ओळखीच्यांना दिले, मात्र एका घरी एकाच लिंगाचे. काहींचा कणा जन्मतःच वाकडा होता. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वीण होत राहिली की असे दोष वाढू लागतात. ते मी कोणालाही दिले नाहीत, वेगळ्या छोट्या टाकीत शेवटपर्यंत सांभाळले. नदीत किंवा तळ्यात सोडण्याचा विचार मनात आला होता, हे मी लपवत नाही. पण डासांच्या अळ्या खातो म्हणून हा मासा जगभर सोडला गेला आणि अनेक ठिकाणी तिथल्या मूळ माशांना त्याचा जाच झाला. एकटी गाभण मादीदेखील नव्या पाण्यात वंश उभा करू शकते, हे तर मी माझ्या टाकीतच पाहत होतो.

आता मोठ्या टाकीत अकरा नर आहेत. सुरुवातीला ते एकमेकांच्या शेपट्या कुरतडत, म्हणून आडोसे वाढवले, तेव्हा ते निवळले. शेजारच्या टाकीत नऊ माद्या आहेत, आणि तिथे शेवटचे पिल्लू दिसले त्याला आता चौदा महिने झाले.