चिऊताई साइनमध्ये: गोष्टीच्या तासाची तयारी कुठवर आली

मंडळी, गोष्ट ठरली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतून, म्हणजे साइनमधून, सांगायची पहिली गोष्ट चिऊ-काऊची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मग पाऊस, मग ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’. आमच्या यादीत चित्रांची सुंदर पुस्तकं बरीच होती, पण ही गोष्ट हातांसाठीच बांधल्यासारखी आहे. घर, पाऊस, दार, आंघोळ, काजळ, तीट, टोपडं हे सगळं हातांनी आणि चेहऱ्याने स्पष्ट दिसतं. शिवाय चिऊचं ‘थांब’ पुन्हा पुन्हा येतं. मुलांच्या गोष्टीत असा पुन्हा येणारा तुकडा हवाच, कारण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुलं आपोआप हात उचलतात.

गोष्ट सांगणाऱ्या ताई स्वतः कर्णबधिर आहेत. ही अट आम्ही पहिल्या बैठकीतच पक्की केली. आपण ऐकणारी माणसं साइन शिकतो, सराव करतो, पण ताईंच्या भुवया, खांदे, नजर जे बोलतात ते आपल्या हातांना सहज जमत नाही. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात. अशा मुलाने मोठी झालेली, साइनमधून खळखळून बोलणारी बाई आजवर कदाचित पाहिलेलीच नसते. त्याने ती पाहावी, त्याच्या आईनेही पाहावी.

तालमीत सर्वांत जास्त वेळ गेला तो जागेच्या मांडणीवर. साइनमध्ये घर एकदा एका बाजूला ‘ठेवलं’ की गोष्ट संपेपर्यंत ते तिथंच राहतं. ताईंनी काऊचं घर स्वतःच्या डावीकडे ठेवलं, चिऊचं उजवीकडे. नंतर नावं घ्यावी लागत नाहीत. खांदे किंचित उजवीकडे वळले, नजर तिकडे गेली, अंग आखडून दाराशी उभं राहिलं की तो भिजलेला काऊ. खांदे डावीकडे, कडेवर बाळ, कपाळाला आठी की ती चिऊ. आता चित्रं लावतानाही हे पाळायचं आहे. ताई मुलांकडे तोंड करून उभ्या असतात, म्हणजे त्यांची डावी बाजू ती मुलांची उजवी. फलकावर काऊच्या घराचं चित्र मुलांना उजवीकडेच दिसलं पाहिजे, नाहीतर हात एक सांगतात आणि चित्र दुसरंच.

दार ठोठावण्याचा प्रसंग ताईंनी पूर्ण बदलला, आणि मला तो फार आवडला. अनेक कर्णबधिर घरांत बेल दाबली की दिवा लुकलुकतो. म्हणून ताईंच्या गोष्टीत काऊ बेल दाबतो, चिऊच्या घरात उजेड उघडझाप करतो (मूठ उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची), बाळाला न्हाऊ घालणारी चिऊ मान वर करून दिव्याकडे बघते आणि तळवा पुढे करते: थांब! ज्या मुलांच्या घरी असा दिवा आहे ती लगेच ओळखतील. ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी खोलीतला खरा दिवा आम्ही आधी एकदा लावून-मालवून दाखवणार आहोत. तसंही सगळ्यांचं लक्ष वेधायला तोच उपाय आहे.

शेण आणि मेण मात्र नुसत्या साइनने तीन वर्षांच्या शहरी मुलाला कळणार नाही. म्हणून एका ताटात शेणाचा गोळा, दुसऱ्यात मेणबत्ती ठेवायची आणि दोन्हींवर मुलांनाच तांब्याने पाणी ओतायला द्यायचं. शेण पसरतं, मेणावरून थेंब ओघळून जातात. पावसात काय होणार हे मग वेगळं सांगायला नको.

पुस्तक हातात धरायचं नाही, स्टँडवर ठेवायचं. पान दाखवायचं, थांबायचं, मुलांची नजर परत चेहऱ्यावर आली की मगच साइन सुरू. ऐकणारं मूल चित्र बघता बघता ऐकतं. कर्णबधिर मुलाचे डोळे एका वेळी एकाच जागी असतात, त्यामुळे हा थांबा घाईत गाळायचा नाही. बैठक अर्धगोल, एकाच ओळीत. ताईंच्या पाठीमागे खिडकी नको, कारण उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो. अंगात एकरंगी कपडे, त्वचेच्या रंगाहून वेगळे. बांगड्या चालतील का यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ताई म्हणाल्या, काचेच्या नकोत, चमकतात.

आवाजाचं काय, हा प्रश्न ऐकणाऱ्या पालकांनी विचारला. एकाच माणसाने बोलत बोलत साइन करावं, ही सूचना मी मानली नाही. सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे. काळ बहुधा आधी येतो, प्रश्नाचा आणि नकाराचा शब्द शेवटी, आणि बरंच काही चेहऱ्यावर असतं. तोंडाने मराठी चालू ठेवली की हात मराठीच्या मागे फरफटतात. म्हणून पहिल्यांदा गोष्ट पूर्ण शांततेत. दुसऱ्यांदा तीच गोष्ट दुभाष्याच्या आवाजासह, आणि दुभाषी मुलांच्या पाठीमागे बसेल, म्हणजे कोणी मान वळवणार नाही.

साइन तपासायला दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश हाताशी आहे. 2021च्या तिसऱ्या आवृत्तीत तो 10,000 शब्दांपर्यंत गेला. तरी कोशातली साइन आणि गावातल्या कर्णबधिरांची साइन वेगळी निघाली तर मुलांना घरी-शाळेत दिसते तीच घ्यायची, असं ताईंचं ठाम मत आहे आणि मला ते पटतं.

शेवटही निवडावा लागला. काऊ चुलीजवळ भाजतो तो शेवट आम्ही सोडला. आमच्याकडे चिऊ दार उघडते, टॉवेल देते, आणि सगळी मुलं दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. टाळ्यांची साइन तीच.

दिवस 23 सप्टेंबरच्या आठवड्यातला धरला आहे. 1951 साली त्याच तारखेला जागतिक कर्णबधिर महासंघ स्थापन झाला, आणि 2018पासून ती आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळली जाते. पाऊसही तेव्हा पुरता गेलेला नसतो.

उरलेली कामं: पालकांना आधी पाठवायचा छोटा व्हिडिओ (घर, पाऊस, दार, थांब, बाळ एवढ्याच साइन), ऐकणाऱ्या मुलांसाठी ताईंकडून नाव-साइन (साइनमध्ये त्या मुलाला ओळखायची खास खूण), आणि मोठ्या आकारातली सहा चित्रं. नाव-साइन आपण ठरवत नाही, कर्णबधिर माणूस देतो, तेव्हा त्यासाठी सुरुवातीची दहा मिनिटं राखून ठेवली आहेत. चित्रं काढणारं कोणी असेल तर कळवा. काऊचा चेहरा मोठा हवा, आणि भिजलेला.