स्क्रीनवरचं ॲव्हरेज आणि पंपावरचा हिशेब

गाडीची स्क्रीन लिटरला १७.८ किलोमीटर दाखवते आणि पंपावर हिशेब केला की निघतं १६.४. एवढा फरक दिसला की बरेच जण थेट सर्व्हिस सेंटर गाठतात. बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. गाडीत पेट्रोल मोजणारा मीटर सहसा नसतोच. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, लिटरचा अंदाज काढतो आणि चाकं किती फिरली यावरून किलोमीटर. इंजेक्टरमध्ये कचरा साठला, टायर झिजले किंवा वेगळ्या साइझचे बसवले की आकडा सरकतो. त्यात कंपन्यांचं कॅलिब्रेशनही थोडं उदार असतं. पाच ते दहा टक्के जास्त दिसणं नेहमीचंच.

आपल्या गाडीचा फरक एकदा काढून ठेवावा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत, म्हणजे ऑटो कटपर्यंत, टाकी फुल करा आणि ट्रिप ए (किलोमीटर मोजणाऱ्या दोन ट्रिप मीटरपैकी पहिला) शून्यावर आणा. तीन-चारशे किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. ४१२ किलोमीटरला २५.१ लिटर लागले तर खरं ॲव्हरेज १६.४. त्याला स्क्रीनवरच्या १७.८ ने भागलं की ०.९२ येतं. पुढे स्क्रीनवरच्या आकड्याला या ०.९२ ने गुणत जा. एका टाकीवर विसंबू नका. ऑटो कट प्रत्येक वेळी अगदी त्याच पातळीला पडत नाही, म्हणून तीन टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्या. राउंड फिगरसाठी कटनंतर आणखी भरायला लावू नका. हिशेब बिघडतोच, शिवाय पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत जाऊन तो डबा खराब होऊ शकतो.

स्क्रीनवरचा क्षणाक्षणाला बदलणारा ॲव्हरेजचा आकडा मात्र वेगळ्या कामाचा आहे. ठाण्यात माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते तेव्हा तो शून्य किंवा नुसत्या रेघा दाखवतो, कारण किलोमीटर नाहीत आणि पेट्रोल जातंय. एसी लावून उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पिते. म्हणजे पंधरा मिनिटं अडकलात तर तीन-चार किलोमीटरचं पेट्रोल जागच्या जागी संपलं. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात उतारावर याच्या उलट होतं. गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि आकडा ९९.९ वर जातो किंवा पट्टी पूर्ण भरते. तिथेच न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिनमुळे वेगाला बसणारा आवरही जातो. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज आता सोडून द्यायला हवा.

सरासरी काढतानाही गल्लत होते. गाडी ठाणे शहरात १० किलोमीटर लिटरला १० ने आणि नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रोडवर १० किलोमीटर लिटरला २० ने चालली, तर सरासरी १५ येत नाही. एक लिटर आणि अर्धा लिटर मिळून दीड लिटरमध्ये २० किलोमीटर, म्हणजे १३.३. म्हणूनच पाम बीचवर छान आकडा दिसला तरी घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तो पटकन खाली आणतो.

रोज सकाळी ट्रिप रीसेट करणाऱ्यांना पहिल्या दोन किलोमीटरला ७-८ दिसून धडकी भरते. इंजिन थंड आहे, एवढंच. ट्रिप ए टाकीला आणि ट्रिप बी दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळासाठी ठेवा. बीचं ॲव्हरेज हळूहळू घसरत असेल तर आधी टायरमधली हवा बघा. योग्य प्रेशरचं स्टिकर सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतं. मग एअर फिल्टर आणि चाक जॅम होतंय का ते तपासा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही वाटा धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ई१० (१० टक्के इथेनॉल) च्या काळातल्या आकड्यापेक्षा तीन-चार टक्के घट इंधनामुळेच येऊ शकते.

उरलेल्या पेट्रोलवर गाडी किती किलोमीटर जाईल हे सांगणारा आकडा अलीकडच्या ॲव्हरेजवर चालतो. पाम बीचवरून आल्यावर तो १२० दाखवेल, पण घोडबंदरला रांगेत अडकलात की भराभर उतरेल. तो ६० च्या खाली गेला की पंप गाठा. टाकीतला इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवू नका.