ओईटीचं लिसनिंग: पेशंट बोलला तेच लिहायचं

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून रजिस्टर व्हायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला सहसा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दाखवावा लागतो. आयईएलटीएस चालते, ओईटीही चालते. मी ओईटी निवडली, कारण ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला बी ग्रेड हवी, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०. रायटिंगला सी प्लस, म्हणजे ३०० पुरतात. आयसीयूतल्या सिस्टरला लिसनिंग काय अवघड, असं वॉर्डात सगळ्यांचं मत होतं.

पेपर साधारण ४० मिनिटांचा, प्रश्न ४२, आणि प्रत्येक रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. ए भागात दोन कन्सल्टेशन असतात, पाच-पाच मिनिटांची. पेशंट बोलत असतो आणि आपण समोरच्या नोट्समधल्या रिकाम्या जागा भरायच्या, दोन्ही मिळून २४. खरी तयारी या भागालाच लागली.

याचं कारण आमच्या कामाची सवय. पेशंटनं लांबण लावली की आम्ही मनातल्या मनात त्याचं निदान करून मोकळ्या होतो आणि चार्टवर डॉक्टरी शब्द लिहितो. ड्यूटीवर ते बरोबरच आहे. परीक्षेत मात्र पेशंटच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे हवे असतात. 'पिन्स अँड नीडल्स', म्हणजे मुंग्या येणं, ऐकलं तर तेच लिहायचं, त्याचं 'पॅरेस्थेशिया' करत बसायचं नाही. त्या विचारात दोन सेकंद गेले की पुढची जागा हुकते. मग ती शोधत बसलं की त्यापुढचीही जाते. हुकली ती सोडून द्यायची, हे शिकायलाच मला सर्वात जास्त वेळ लागला.

यावर उपाय रूममेटनं काढला. ती केरळची, तीही ओईटीच्याच मागे लागलेली. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी नोट्स वाचायला ३० सेकंद मिळतात. त्यात रिकाम्या जागांकडे न पाहता मथळे वाचायचे, असं तिचं म्हणणं: आधीचे आजार, औषधं, कामधंदा, काळजी कशाची. पेशंटला विचारलेल्या प्रश्नावरून कळतं, आता कुठला मथळा सुरू झाला. रात्री ती पेशंट व्हायची आणि मी लिहायचे, मग उलट. तिचे पेशंट फार रडके असायचे, पण सराव उत्तम झाला.

उच्चारांसाठी बीबीसी रेडिओ ४ वरचं 'इनसाइड हेल्थ' आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसीचं 'हेल्थ रिपोर्ट' ऐकायचे. बसमध्ये कानात हेडफोन घालून ऐकलं तर प्रवास बरा होतो, इतकंच. उपयोग झाला तो टेबलाशी बसून, हातात पेन घेऊन, मध्ये न थांबवता पाच मिनिटं ऐकण्याचा. क्लासमध्ये दीडपट वेगानं ऐकायला सांगत. मला ते पटलं नाही. परीक्षेत माणसं नेहमीच्याच वेगानं बोलतात, अडचण वेगाची नसून ऐकता ऐकता लिहिण्याची असते.

बी भागात मिनिटभराचे सहा तुकडे: हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं), टीमची बैठक, वॉर्डातलं बोलणं. तीन पर्यायांतले शब्द बहुतेक वेळा रेकॉर्डिंगमध्ये कुठे ना कुठे येऊन जातात, त्यामुळे ओळखीचा शब्द पकडून टिक केलं की फसलंच. इथे मात्र ड्यूटीची सवय कामी येते. हँडओव्हर घेताना आपण मनात विचारतोच ना, की हिला माझ्याकडून नक्की काय करून हवंय? बहुतेक प्रश्नांचं उत्तर तिथेच असतं. सी भागात मुलाखत किंवा व्याख्यान असतं. त्यात माहितीपेक्षा बोलणाऱ्याचं मत विचारतात, म्हणून 'बट' आणि 'हाउएव्हर' नंतरच्या वाक्याला कान टवकारायचे.

आयईएलटीएस देणाऱ्या मैत्रिणीला एका गोष्टीचा हेवा वाटला. त्यांच्या लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की मार्क जातो. ओईटीच्या लिसनिंगमध्ये अर्थ स्पष्ट असेल तर थोडंफार इकडेतिकडे चालतं. 'डायरिया'चं स्पेलिंग घड्याळ चालू असताना लिहून पाहा, म्हणजे या सवलतीची किंमत कळेल.

मला लिसनिंगला ३९० मिळाले. रीडिंग कसंबसं ३५० ला टेकलं. त्याच्या ए भागात स्पेलिंग पाहतात.