जुना लेन्को आणि गाण्याची पट्टी

घरात जपून ठेवलेल्या लाखेच्या तबकड्या ऐकण्यासाठी मी जुने टर्नटेबल शोधू लागलो, तेव्हा एकच अट मनाशी पक्की होती: त्याची गती मला हाताने हवी तशी कमीजास्त करता आली पाहिजे. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, त्यानंतरची दोन दशके तबकडीच्या गतीचे प्रमाण कोणी कटाक्षाने पाळत नव्हते. आज आपण सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतो त्या तबकड्यांपैकी काही ७५ फेऱ्यांवर, काही ८० वर, तर काही त्याहूनही दूरच्या गतीवर मुद्रित झालेल्या आहेत. १९२५ नंतर विजेवर चालणारे मुद्रण आले आणि मग ७८ हा आकडा स्थिरावत गेला.

गाणे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. गती ६ टक्क्यांनी वाढली की स्वर पेटीवरच्या एका पट्टीने वर सरकतो, आणि ७८ च्या हिशेबात ६ टक्के म्हणजे पाच फेऱ्यासुद्धा भरत नाहीत. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनमध्ये ऐकू येते, तान होती त्यापेक्षा चपळ वाटते, आवाज पातळ होतो, आणि आपण मात्र ती त्या गायकाची गायकी समजून चालतो. ज्यांना प्रत्यक्ष ऐकण्याचे भाग्य आपल्या पिढीला लाभले नाही, त्यांच्या गळ्याचा आपल्याकडे उरलेला पुरावा हा एवढाच असल्यामुळे तो वाकडा करून ऐकणे मला पटत नाही.

बहुतेक टर्नटेबलांना ३३⅓, ४५ आणि असलीच तर ७८ अशा ठरावीक गती असतात. स्वित्झर्लंडमधील बर्गडॉर्फ येथे फ्रित्झ आणि मारी लेंग या दांपत्याने १९४६ साली सुरू केलेल्या लेन्को कंपनीने मात्र वेगळी वाट धरली. एल ७५ या त्यांच्या प्रसिद्ध यंत्रात मोटर आडवी बसवलेली असते आणि तिचा दांडा एका टोकाकडे निमुळता होत जातो. रबराची कड असलेले एक छोटे उभे चाक खाली या दांड्याला आणि वर, तबकडी जिच्यावर ठेवतात त्या थाळीच्या तळाला टेकते. गतीचा खटका सरकवला की ते चाक दांड्यावरून सरकते. जाड बाजूला गेले की थाळी जलद फिरते, बारीक बाजूला गेले की सावकाश. ३० फेऱ्यांपासून ८० च्याही पुढेपर्यंत कोणतीही गती त्यावर मिळते. कोणतीही इलेक्ट्रॉनिक करामत न करता केवळ एका शंकूवर साधलेली ही युक्ती मला यंत्ररचनेतील फार सुंदर गोष्ट वाटते.

इंग्लंडमध्ये हेच यंत्र गोल्डरिंग लेन्को या नावाने विकले जाई, आणि तसेच एक मला पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात मिळाले. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळी समया, सायकलींचे सुटे भाग आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या गर्दीत ते एका गोणपाटावर झाकणाविना पडलेले होते.

"साहेब, गाणं वाजतं का ते मला विचारू नका. मोटर फिरते, एवढं खात्रीनं सांगतो."

"दादा, मोटर फिरते ना, मग पुष्कळ झालं. थाळी काढून बघू का?"

"बघा की. पण दोन्ही हातांनी उचला, जड आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. एल ७५ ची थाळी जवळजवळ चार किलोंची असते आणि तिच्या कडेकडे वजन अधिक ठेवलेले असते, म्हणून एकदा फिरू लागली की तिची गती सहजासहजी डळमळत नाही. अशा खरेदीत मी तीन गोष्टी पाहतो. मधला दांडा बेअरिंगमध्ये खुळखुळता कामा नये, थाळी फिरवली असता कड वरखाली होता कामा नये, आणि आर्म, म्हणजे सुई धरणारा लांब दांडा, सरळ असला पाहिजे. वायरी, रबर, गंज, रंग हे सगळे सुधारता येते. वाकलेली थाळी किंवा झिजलेले बेअरिंग घरी सुधारत नाही. या तिन्ही कसोट्यांना ते उतरले, म्हणून फारशी घासाघीस न करता मी ते घेतले.

घरी प्रथम मधले बेअरिंग उघडले. आतले तेल वाळून मेणासारखे चिकट झाले होते, आणि त्याच्या तळाशी ज्या पोलादी गोळीवर थाळीचा सगळा भार असतो ती गोळी त्यात रुतून बसली होती. सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, चिंधीने पुसून, वाळवून मग त्यात नवे दाट खनिज तेल घातले. मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या बुशांना पातळ तेल लागते, त्यासाठी शिलाई मशीनचे चालते. आपल्याकडे घरातल्या कुठल्याही यंत्राला खोबरेल तेल घालण्याची सवय आहे, ती इथे अगदी टाळावी. खोबरेल पुण्याच्या थंडीत गोठते आणि काही वर्षांनी त्याची चिकट खळ होते.

विजेच्या कामात तडजोड करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या यंत्राच्या स्विचवर ठिणगी दाबण्यासाठी एक लहान कपॅसिटर असतो. पन्नास वर्षांनंतर तो विश्वासाचा राहत नाही. तो काढून थेट घरच्या विजेवर चालणारा एक्स २ दर्जाचा नवा बसवला, जुनी दोन तारांची केबल काढून अर्थिंगसह तीन तारांची घातली, आणि मोटरची जोडणी २२० व्होल्टसाठीच असल्याची खात्री करून घेतली. हे सामान बुधवार पेठेत, तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळते.

सर्वांत अधिक वेळ आर्मने घेतला. लेन्कोचा आर्म वरखाली होताना गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरत नाही. किराणा दुकानातील जुन्या तराजूची दांडी जशी सुरीसारख्या धारेवर तोललेली असे, तसा तो दोन धारांवर तोललेला असतो. या धारा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या दोन लहान ठोकळ्यांत बसतात. कंपनीने हे ठोकळे मऊ पदार्थाचे केले होते आणि कालांतराने त्यांचा भुगा होतो, हा या यंत्राचा सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे. माझ्या यंत्रात आर्म बाहेर काढताच ठोकळ्यांचे तपकिरी कण बोटांना लागले, आणि धारा थेट धातूवर घासत होत्या. नवे ठोकळे परदेशातून मागवता येतात. मी ते भोसरीतील एका छोट्या वर्कशॉपमध्ये नायलॉनच्या तुकड्यातून कापून घेतले. कारागिराने खाचेचा कोन जुन्या ठोकळ्याच्या शिल्लक बाजूवरून मोजला आणि खाचेचा तळ भिंगाखाली धरून शेवटचा हात कानशीने फिरवला. ते बसवल्यावर आर्मचे मागचे वजन अशा ठिकाणी आणून ठेवले की सुई हवेत तरंगत राहील, आणि मग तिच्यावर नुसती फुंकर घातली. आर्म खाली झुकला, वर आला, पुन्हा झुकला, आणि कुठेही न अडखळता हळूहळू थांबला. या कामातील सर्वांत मोठे समाधान मला त्या झुलण्यात मिळाले. मागच्या वजनाचा दांडा ज्या रबरात बसतो ते रबरही सैल पडून दांडा खाली लोंबत होता, तेही त्याच वेळी बदलले.

उभ्या चाकाची रबरी कड चकचकीत आणि टणक झाली होती. बारीक पॉलिश कागद अलगद धरून वरचा थर काढला आणि कड अल्कोहोलने पुसली, तेव्हा पकड परत आली. चाक घसरत असेल तर त्याची स्प्रिंग ताणून घट्ट करण्याचा मोह होतो. तसे केल्यास मोटरची घरघर थाळीत आणि तेथून सुईत उतरते.

ही घरघर रोखण्यासाठीच यंत्राची बैठकही जड हवी. मूळची बैठक हलकी, पोकळ खोक्यासारखी होती. मी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे थर एकावर एक चिकटवून भरीव बैठक केली आणि बाहेरून सागवानाची चौकट लावली. हे सागवान भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आणले, कुठल्याशा पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे. इतके मुरलेले लाकूड पुन्हा वाकत नाही, आणि रंधा मारल्यावर त्याचा जो वास येतो तो नव्या लाकडाला नसतो.

सुईची निवड अनेकजण गृहीत धरतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. लाँगप्लेची, म्हणजे नंतरच्या ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची, सुई सुमारे १८ मायक्रॉनची असते, तर लाखेच्या तबकडीची चर रुंद असल्यामुळे तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई त्या चरीच्या तळाशी बसून वर्षानुवर्षांचा कचरा तेवढा खरवडते आणि खरखर ऐकवते. मी आर्मच्या टोकाला ऑडिओ टेक्निकाचे व्हीएम ९५ मालिकेतील कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, बसवले, कारण त्यात मूळ भाग तोच ठेवून फक्त सुई बदलता येते. लाँगप्लेसाठीच्या ई सुईला २ ग्रॅम भार पुरतो, लाखेसाठीच्या एसपी सुईला ५ ग्रॅम लागतो. तबकडी पुसताना अल्कोहोल चुकूनही वापरू नये. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि तिच्याबरोबर गाणेही जाते. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश आणि लेबल कोरडे ठेवण्याची काळजी एवढे पुरे.

आता मूळ प्रश्न, गतीचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. कागदी चकतीवर सारख्या अंतराने ७७ रेघा काढल्या आणि ती अशा दिव्याखाली फिरवली, तर ६००० ला ७७ ने भागून येणाऱ्या ७७.९२ फेऱ्यांवर रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात. ८० रेघा स्थिर दिसल्या की गती ७५ आणि ७५ रेघा स्थिर दिसल्या की ८०. मी ७५ ते ८३ रेघांची वर्तुळे एकात एक काढून एका चकतीवर छापून घेतली. एलईडी दिवे बहुधा असे स्वच्छ लुकलुकत नाहीत, म्हणून जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरचा निऑनचा लाल दिवा मी यासाठी वापरतो.

पण चकती फक्त मोजते. कोणत्या तबकडीला कोणती गती, हे कानानेच ठरवावे लागते. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणारे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या विद्युत मुद्रणाच्या काळातील आहेत, तेव्हा त्या ७८ वर लावून कान जुळवून घ्यावा. जुन्या नाट्यपदांत ऑर्गनची साथ असेल तर काम सोपे होते, कारण ऑर्गनच्या पट्ट्या ठाम असतात. ७८ वर त्याचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर गतीवर शंका घ्यावी आणि खटका थोडा थोडा सरकवत तो जवळच्या पट्टीवर आणावा. वर जायचे की खाली, हे शब्दोच्चारावरून कळते. गती चढी असली की "श" आणि "स" बोचरे होतात आणि गायक धापा टाकत गातो आहे असे वाटते. जुन्या वाद्यांचा मूळ स्वर आजच्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही, त्यामुळे याला मी पुरावा म्हणणार नाही, आधार म्हणेन.

ज्या तबकडीची गती अशी ठरते, तिच्या पाकिटावर मी पेन्सिलीने रेघांचा आकडा लिहून ठेवतो. लेन्कोच्या खटक्याला ठरावीक गतींसाठी अडकवण्या असतात. त्यांपैकी ७८ ची अडकवणी मी सैल करून ठेवली आहे. पुढचे काम प्रीअँपचे, म्हणजे कार्ट्रिजमधून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राचे आहे. बाजारात मिळणारे प्रीअँप लाँगप्लेच्या ध्वनिसंतुलनासाठी केलेले असतात आणि त्यांवर लाखेच्या तबकड्यांचे वरचे स्वर दबून येतात, म्हणून ते संतुलन बदलता येईल असे मंडल जुळवायला घेतले आहे.