इंजिन बांधण्यापूर्वीची दोन धुणी

जुने इंजिन खोलल्यावर त्याचे भाग दोनदा धुवावे लागतात आणि या दोन धुण्यांचे हेतू निराळे असतात. पहिले धुणे भागांची तपासणी करण्यासाठी असते. दुसरे बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणे) आणि होनिंग (दगडाने त्याची भिंत घासून बारीक ओरखडे पाडणे) करून भाग परत आल्यानंतरचे, आणि इंजिन किती वर्षे चालणार हे बरेचसे त्यावर ठरते. ठाण्याच्या गॅरेजांमध्ये पहिल्यावर पुष्कळ मेहनत घेतली जाते, कारण काळे पडलेले भाग उजळलेले डोळ्यांना दिसतात. दुसरे मात्र रॉकेलचा एक हात फिरवून उरकले जाते, आणि नव्याने बांधलेले इंजिन लवकरच तेल जळल्याचा निळा धूर सोडू लागले की दोष पिस्टनवरच्या रिंगांच्या दर्जाला दिला जातो.

सध्या माझ्याकडे बिडाचा सिलिंडर असलेल्या जुन्या ३४६ सीसी बुलेटचे इंजिन खोललेले आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते. जळलेल्या तेलाचा चिकट थर सहज तेवढा जाड असू शकतो, त्यामुळे मळक्या भागावर घेतलेल्या मापाला अर्थ नसतो. हेडमधील, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातील, बारीक तडाही धातू स्वच्छ झाल्यावरच दिसते. धुण्यापूर्वी प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग आणि त्याचा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) वेगळ्या पिशवीत चिठ्ठी घालून ठेवावा, कारण एकत्र घासले गेलेले भाग पुन्हा त्याच जोडीने बसले पाहिजेत.

कशाने धुवावे, याचे उत्तर धातूवर अवलंबून आहे. बिडाला कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी चालते. ॲल्युमिनियमला ते कधीही लावू नये, कारण त्यांच्या संयोगातून ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो आणि धातूचा पृष्ठभाग खाल्ला जातो. या बुलेटचा सिलिंडर बिडाचा असला, तरी हेड, पिस्टन आणि चेंबर (इंजिनाची खालची पेटी, क्रँककेस) ॲल्युमिनियमचे आहेत. म्हणून सगळे भाग एकाच टाकीत बुडवणाऱ्या दुकानात मी ते देत नाही. पेट्रोलने भाग धुण्याची सवय तर सरळ धोक्याची आहे, कारण त्याची वाफ उणे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते. रॉकेल त्यापेक्षा सुरक्षित असले, तरी साधारण ३५ अंशांच्या पुढे त्याचीही वाफ पेट घेण्याइतकी होऊ शकते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे तापमान दुपारी सहज गाठले जाते. दारे उघडी ठेवून, हातमोजे घालून आणि वेल्डिंगपासून दूर बसूनच हे काम करावे.

पिस्टनवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. माथ्यावरचा कार्बन भिजवून लाकडी पट्टीने निघतो, पण रिंगांच्या खाचांमध्ये संयम लागतो. तेथे स्क्रूड्रायव्हर घालून खरवडले की खाच रुंद होते आणि नवी रिंग तिच्यात खुळखुळते. तेलाच्या रिंगेमागील बारीक छिद्रे कार्बनने बुजलेली असतील, तर सिलिंडरवरून खरडलेले तेल परत खाली उतरत नाही आणि जळू लागते. ही छिद्रे एकेक करून मोकळी करावीत. चमक आणण्यासाठी भागांवर वाळू किंवा काचेचे मणी मारून घेणे मला मान्य नाही. ते कण तेलाच्या वाटांमध्ये अडकून राहतात आणि इंजिन सुरू झाल्यावर बेअरिंगपर्यंत पोहोचतात.

आता दुसऱ्या धुण्याविषयी. होनिंगच्या दगडाचे कण आणि बिडाची भुकटी सिलिंडरच्या ताज्या ओरखड्यांमध्ये रुतून बसते. रॉकेल तेल विरघळवते, पण हे कण उचलून बाहेर काढत नाही. भिंत वरून स्वच्छ दिसते आणि घासणारी भुकटी आतच राहते. ती काढण्यासाठी गरम पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि ताठ केसांचा ब्रश हवा. घासल्यावर पांढरे सुती कापड आतून फिरवावे आणि ते करडे होऊन येत असेल, तर पुन्हा घासावे. वागळे इस्टेटमधील बोअरिंगवाल्याने कितीही सुबक काम केलेले असले, तरी ही पायरी मी स्वतः करतो. तेलाच्या प्रत्येक वाटेतून बारीक ब्रश फिरवून नंतर कंप्रेसरची हवा मारावी, आणि त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा. स्टडच्या (इंजिनात घट्ट बसणाऱ्या आट्यांच्या सळ्यांच्या) बंद भोकांतील पाणीही हवेने काढावे. ते तसेच राहिले, तर स्टड आवळताना दाबाने भोवतालचा धातू तडकू शकतो.

खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत धुतलेला सिलिंडर पावसाळ्यात बघता बघता तांबूस पडतो. म्हणून तो पुसून वाळवल्याबरोबर इंजिन ऑइलचा हात द्यावा आणि बांधणीपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा.

राहिलेले काळे रॉकेल गटारात ओतण्याची पद्धत मला मनापासून खटकते. ठाण्याची गटारे नाल्यांवाटे खाडीला मिळतात, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आलेले फ्लेमिंगो अभयारण्य त्याच खाडीत आहे. रॉकेल काही दिवस डब्यात स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे रॉकेल पुढच्या इंजिनाच्या पहिल्या धुण्याला चालते. जुने इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून अधिकृत परवाना असलेल्या संकलकालाच द्यावे.