स्कायवर्ड सोर्ड एचडी: कोलोक्टोस पडला, आणि विक्रीच्या आकड्यांवरून थोडी डोकेफोड

तर मंडळी, निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतल्या या गेमचा अपडेट असा की एन्शंट सिस्टर्न नावाचं मंदिर संपलं, तिथला बॉस कोलोक्टोस पडला, तलवारीला बळ देणारी फरोरेची ज्योत मिळाली आणि नायक लिंकची तलवार आता गॉडेस लाँगसोर्ड झालीये. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर खेळतोय, पूर्ण मोशन मोडमध्ये (हात हलवला तशी तलवार हलते), म्हणजे दोन्ही जॉयकॉन (स्विचचे सुटे होणारे कंट्रोलर) सोडवून हातात घेऊन, टीव्हीसमोर उभं राहून. हँडहेल्डमध्ये, म्हणजे स्विचच हातात धरून खेळताना, बटण मोडच चालतो, त्यामुळे रात्री अंथरुणात पडून खेळायचा विषयच बंद, घरचे खूश.

सिस्टर्नबद्दल आधी बोलतो कारण या गेममधलं आतापर्यंतचं सगळ्यात भारी ठिकाण हेच. वर सगळं सोनेरी, स्वच्छ पाणी, मोठाली कमळाची पानं, मधोमध एक प्रचंड मूर्ती, आपल्या माणसाला बघताक्षणी ओळखीचं वाटेल असं. आणि मग खाली उतरलात की एकदम नरक, जांभळट दलदल, हाडं, शापित बोकोब्लिन (या गेममधले राक्षसी शिपाई). तिथून वर यायला एकच दोर, तुम्ही चढताय आणि खालून ते सगळे बोकोब्लिन त्याच दोराला लटकून मागे येतायत. जपानी बौद्ध गोष्टीतला कोळ्याचा धागा आहे तो सरळसरळ. कोलोक्टोस म्हणजे सहा हातांचा सोनेरी यंत्रपुतळा, त्याने हात जमिनीवर आपटला की चाबूक टाकून सांध्यातून हात उपटायचा, मग छातीतल्या गोळ्यावर वार. दुसऱ्या टप्प्यात तर त्याचीच अवाढव्य तलवार उचलायची आणि तिनेच त्याचे पाय कापायचे, जॉयकॉन आडवा फिरवला की सगळं खणखणत खाली येतं, आईशप्पथ मजा आली.

आता कंट्रोल्सचं. नवीन लोक नेहमी विचारतात की मोशन चालतं का. चालतं, पण गेम तुमची मनगटाची सवय बदलायला लावतो. हळू हलवलं तर तलवार नुसती दिशा बदलते, वार होत नाही, झटका दिला की वार. गिराहिम या खलनायकाची पहिली फाइट पूर्ण यावर उभी आहे: तलवार हळूच डावीकडे न्या, त्याचा हात तिकडे येतो, मग त्याला कळायच्या आत उजवीकडून झटका. थेट मारायला गेलात तर तो दोन बोटांत तलवार पकडून बसतो. डेकू बाबा या मांसभक्षक झाडाचं तसंच, तोंड उभं उघडलं तर उभा वार, आडवं तर आडवा. सगळेच शत्रू असे छोटे कोडे आहेत आणि जो माणूस नुसता हात झाडत बसतो त्याला हा गेम वैताग देणारच. पॉइंटर सरकत जातो हे खरं, कारण सगळं जायरोवर (कंट्रोलरमधल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर) चाललंय, पण एचडीमध्ये वाय बटण दाबलं की मध्यभागी येतो, मी आता न बघता दर थोड्या वेळाने दाबतो. बटण मोडमध्ये हेच सगळं उजव्या स्टिकवर करायचं असतं, आणि मग कॅमेरा फिरवायला एल बटण धरून ठेवावं लागतं, ते मला काही झेपलं नाही. मोशनमध्ये उजवी स्टिक कॅमेऱ्याला मोकळी राहते, हा मोठा फायदा कुणी फारसा सांगत नाही.

आता विक्री. ग्रुपमध्ये परत तेच ऐकलं की मोशनमुळे गेम आपटला. जरा आकडे बघू. मूळ गेम वीवर (निन्टेंडोचा जुना कन्सोल) नोव्हेंबर २०११ मध्ये आला, झेल्डाचं २५वं वर्ष, पाचेक वर्षं बनत होता, फामित्सू या जपानी गेम मासिकाने ४० पैकी ४० दिले, समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी ९३. गेमस्पॉट या साइटने १० पैकी ७.५ दिले तर लोक चवताळले होते. मार्च २०१२ पर्यंत ३५ लाखांच्या वर प्रती गेल्या आणि मग गाडी जवळपास थांबलीच, एकूण ३६-३७ लाख. आधीचा झेल्डा, ट्वायलाइट प्रिन्सेस, गेमक्यूब (वीच्या आधीचा कन्सोल) आणि वी मिळून ८८ लाखांच्या पुढे गेला होता, त्यापुढे हे कमीच. वी तेव्हा ९ कोटींच्या आसपास घरांत होता, पण त्यातली किती घरं अजून वी चालू करत होती? बरं, वर मोशनप्लस (हालचाल नेमकी ओळखणारा रिमोटचा जोड) कम्पल्सरी, म्हणजे जुना रिमोट असेल तर अजून एक खर्च. २०१० च्या ई३ या गेम प्रदर्शनात खुद्द मियामोतो, झेल्डाचे जनक, स्टेजवर दाखवायला उभे राहिले आणि तलवार भलतीकडेच, वायरलेसच्या गोंधळाला दोष दिला, पण लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलं. शिवाय मूळ गेम आला त्याच महिन्यात स्कायरिम हा मोठा गेम आला, आणि पुढच्याच वर्षी वी यू हा नवा कन्सोल. मला तर वाटतं वेळ चुकली.

पण मग २०२१ चं बघा ना. १६ जुलैला एचडी आला, बटणं दिली, सेकंदाला ६० फ्रेम दिले, फायची (लिंकच्या तलवारीतली सल्ले देणारी सोबतीण) बडबड कमी केली, पूर्ण किंमत लावली. सप्टेंबरअखेर ३६ लाख! आणि स्विच तेव्हा साधारण ९ कोटीच विकला गेला होता, म्हणजे वी इतकाच. त्यानंतर? पुढे थोडंफार, चाळीस लाखांच्या किंचित वर जाऊन थंड. म्हणजे बटणं दिली तरी आकडा साधारण तिथेच. माझं म्हणणं एवढंच की झेल्डा म्हटलं की डोळे मिटून घेणारी एक ३५-४० लाखांची फौज आहे, ती दोन्ही वेळा आली, आणि त्यापलीकडचा माणूस दोन्ही वेळा आला नाही. मोशनला नावं ठेवणं सोपं आहे, पण तीनच भाग परत परत फिरवणारा नकाशा, रिकामं आकाश, तो इम्प्रिझन्ड नावाचा बोटांवर उभा डोंगराएवढा राक्षस तीन-तीनदा, हे बटणांनी कुठं बदललं? वर आकाशातून खाली पटकन जायची सोय त्यांनी अमीबोच्या (वेगळी विकत घ्यायची निन्टेंडोची बाहुली) मागे लपवली, ते तर लाज आणणारं होतं.

गंमत म्हणजे फुजिबायाशी, ज्यांनी हा डायरेक्ट केला, त्यांनीच पुढे ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा झेल्डा केला, आणि इथली स्टॅमिना (धावायची दमछाक मोजणारा हिरवा गोल) आणि खाली उडी मारताना उघडायचं ते कापड तिथे वेगळ्या रूपात बरोबर दिसतं. तो ३ कोटींच्या वर गेला. त्या हिरव्या गोलाकडे बघत धावताना मला दर वेळी तेच आठवतं.

पुढचा नंबर लानायरू या वाळवंटी भागातला सायलेंट रेल्म, म्हणजे शस्त्राशिवाय पहारेकऱ्यांपासून पळत अश्रू गोळा करायची परीक्षा. फारोन जंगलातला केला तेव्हा पंधरा अश्रू गोळा करताना घाम फुटला होता, एका अश्रूला फक्त ९० सेकंद आणि पकडले गेलात की सगळं पहिल्यापासून. लानायरूत काळ बदलणारे टाइमशिफ्ट स्टोन या गेमची सगळ्यात डोकेबाज कल्पना आहे, त्यावर तिथलं पुढचं ठिकाण, सँडशिप, झाल्यावर सविस्तर टाकतो. बटण मोडवाल्या कुणी लाकडी ढालीवरच कोलोक्टोस काढला असेल तर सांगा, माझी लोखंडी तुटायच्या बेतात होती.