कपाटातल्याच कपड्यांतून ऑफिसचा पोशाख

नवी नोकरी लागली की बहुतेकांची पहिली धाव सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांकडे असते. परंतु ऑफिसात शोभेल असा पोशाख बहुधा आपल्या कपाटातच असतो आणि त्याला फक्त चांगल्या शिंप्याचा हात लागायचा बाकी असतो, असे माझे ठाम मत आहे.

कपडे निवडताना मी सर्वांत आधी खांदा पाहते. शर्टाची किंवा कुर्त्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर येत असेल, तर तो कपडा राखण्याजोगा समजावा. ती दंडावर उतरली असेल, तर बाह्या काढून पुन्हा बसवाव्या लागतात आणि त्याची मजुरी सहसा परवडत नाही. बाकीचे दोष बरेच सोपे असतात. सैल कंबर टीप मारून आत घेता येते, आखूड पॅन्ट खालची दुमड सोडून थोडी वाढवता येते, आणि घट्ट झालेल्या कपड्यात आत माया, म्हणजे शिवणीलगतचे जादा कापड, सोडलेली असेल, तर शिवण उसवून तेवढी जागा मिळते. शिंप्याकडून शिवून घेतलेल्या कपड्यांत ही माया चांगली असते, तयार कपड्यांत मात्र जेमतेम. त्यामुळे जुना शिवलेला कपडा बोहारणीला देण्याआधी एकदा उलटा करून पाहावा. उसवल्यानंतर आतला न विटलेला भाग गडद पट्ट्यासारखा दिसतो, म्हणून हा उपाय फिकट रंगांवर अधिक साधतो.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा पॉलिएस्टरच्या ब्लेझरचा आग्रह धरण्यात काहीच अर्थ नाही. आपल्याकडे घरोघरी सापडणारी सुती इरकल साडी ऑफिसात उत्तम शोभते. तिचा काठ आणि लाल पदर मुळातच उठावदार असल्याने खणाचे ब्लाउज सणासुदीला राखावे आणि ऑफिससाठी काठाच्या रंगाचे, कोपरापर्यंत बाह्यांचे एकरंगी ब्लाउज वापरावे. भाताच्या पेजेची पातळ कांजी करून, साडी किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवली, तर निऱ्या दिवसभर मोडत नाहीत. सुती कुर्त्यालाही हेच लागू पडते. ओढणी मात्र खांद्यावर पिन लावून घ्यावी.

पुरुषांच्या कपाटात लग्नातला सूट वर्षानुवर्षे तसाच पडून असतो. तो साधा गडद निळा असेल, तर त्याची पॅन्ट पांढऱ्या किंवा फिकट निळ्या शर्टावर खुशाल घालावी आणि कोट करड्या पॅन्टवर वापरावा. रेघारेघांच्या सुटाचा कोट मात्र वेगळा घातला, की जोडी फुटल्याचे लगेच कळते. बूट आणि पट्टा एकाच रंगाचे असावेत, एवढे पथ्य पुरे.

या जोड्या जुळवण्याचे काम दिवसाउजेडी, खिडकीपाशी करावे. विटलेला काळा आणि कोरा काळा यांतला फरक रात्री ट्यूबलाइटखाली लक्षात येत नाही.